‘थंड’ म्हणजे कोणते आणि ‘सलाईन’ म्हणजे कोणते? सांगली जिल्ह्यातील केमोथेरपी केंद्रांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सांगली,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली,
आणि सांगली, मिरज व जिल्ह्यात इतरत्र केमोथेरपी देणाऱ्या सर्व रुग्णालयांचे व्यवस्थापन यांस,

विषय : आतड्याच्या कर्करोगावरील ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल ही शिरेतून दिली जाणारी औषधे सुरक्षितपणे देण्याबाबत व त्यासंबंधीच्या सूचना रुग्णाला कळतील अशा शब्दांत देण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी तीस वर्षे रुग्णालयांच्या औषध विभागात फार्मासिस्ट म्हणून काम करून निवृत्त झालो आणि आता तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या, मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया चांगली झाली. परंतु गाठीजवळच्या काही लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचल्याचे तपासणीत दिसले, म्हणून पुढे दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे याच दोन औषधांच्या केमोथेरपीचे बारा डोस ठरले. रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही, कारण जे मी पाहिले ते एकाच ठिकाणचे वैगुण्य आहे असे मला वाटत नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी व सिस्टरांनी अण्णांना जपले याबद्दल आमच्या घरात कृतज्ञताच आहे. तरीही त्या काही महिन्यांत अशा वेळा आल्या की औषध योग्य होते, मात्रा योग्य होती, तज्ज्ञ चांगले होते आणि तरी रुग्ण संकटात सापडला. दर वेळी मुळाशी जाऊन पाहिले तेव्हा तिथे एखादा साधा शब्द निघाला, जो सांगणाऱ्याने एका अर्थाने उच्चारला होता आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या अर्थाने घेतला होता. औषधाच्या सुरक्षिततेत भाषा हीसुद्धा एक पायरी आहे आणि ती आजवर कुणाच्याच कामाच्या यादीत नाही, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

पहिल्या डोसानंतर घरी निघताना अण्णांना सांगण्यात आले की, पाच दिवस थंड काही घेऊ नका. वहिनींनी ही सूचना अक्षरशः पाळली. केळी बंद झाली, दही-ताक बंद झाले, काकडी आणि सीताफळ घरात येईनासे झाले; कारण आपल्याकडे ‘थंड’ हा पदार्थाचा गुण असतो आणि तो चुलीवर तापवल्यानेही जात नाही. दुसरीकडे, केमोने अंगात उष्णता वाढते हे गावात चार जणांनी सांगितलेले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फ्रिजमधल्या पाण्यात सब्जा भिजवून अण्णांना दिला. दोन घोट पोटात जायच्या आत अण्णांनी गळा धरला. “घसा आवळला, श्वास जाईना,” एवढेच ते बोलले आणि घरात रडारड सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जी समजून इंजेक्शन दिले. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा रंग चांगला होता, ओठ निळे नव्हते, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन व्यवस्थित होता आणि पाऊण तासाने सगळे ओसरले होते.

ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्या माणसाच्या नसा काही दिवस गारव्याला विलक्षण हळव्या होतात. बहुतेक रुग्णांना हातापायांत, ओठांभोवती किंवा घशात मुंग्या येतात आणि शंभरांतल्या एकदोघांना घसा बंद झाल्याची, गिळता किंवा श्वास घेता येत नसल्याची भावना होते. प्रत्यक्षात श्वासनलिका उघडी असते आणि ऑक्सिजन उतरत नाही; कोमट पाणी, उबदार जागा आणि धीर यांनी माणूस सावरतो. पुढच्या वेळी हेच औषध दोनऐवजी सहा तासांत सावकाश दिले तर हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. म्हणूनच ही घटना पुढच्या डोसाआधी डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवी. वहिनी ती सांगणार नव्हत्या, कारण त्यांच्या मते चूक त्यांची होती.

मात्र यावरून घसा आवळला की घरीच बसावे असा अर्थ कुणी काढू नये. याच औषधाची खरीखुरी, जिवावर बेतणारी ॲलर्जीही होते. ती बहुधा औषध चालू असताना काही मिनिटांत दिसते आणि पहिल्यापेक्षा सहा-सात डोस सुरळीत गेल्यानंतर येण्याचा तिचा स्वभाव आहे. “आता सवय झाली” असे ज्या टप्प्यावर रुग्ण, नातेवाईक आणि कधीकधी सिस्टरसुद्धा म्हणू लागतात, नेमक्या त्याच टप्प्यावर खाटेजवळ कुणीतरी थांबायला हवे. अंगावर पित्ताच्या गांधी, खाज, घाम, छातीत दडपण, चेहऱ्यावर सूज यांतले काहीही दिसले तर ते गारव्याचे दुखणे नव्हे.

सांगलीकडच्या बोलीत या गोंधळावर तयार उत्तर आहे. हाताला लागणाऱ्या थंडीला आपण ‘गार’ म्हणतो. गार पाणी, गार वारा, गार फरशी. केळे गार नसते. सूचना अशी लिहिली असती की, पाच दिवस गार काही पिऊ नका, फ्रिजमध्ये हात घालू नका, पहाटे गार लोखंडाला उघड्या हाताने शिवू नका, तोंड कोमट पाण्याने धुवा आणि घरातल्या हवेत ठेवलेले दही, केळे, ताक खुशाल खा, तर वहिनींचा गोंधळ झाला नसता. थंडीच्या दिवसांत पहाटे द्राक्षबागेत ठिबकचा लोखंडी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला “थंड टाळा” या दोन शब्दांतून हातमोज्याची आठवण होणार नाही. व्हॉल्व्हचे नाव घेतले तर होईल.

गारव्याची ही गोष्ट रुग्णालयातही विसरली जाते. सुई हलून औषध शिरेबाहेर गेले की बर्फ लावायचा, ही अनेक सिस्टरांच्या हाताची सवय आहे आणि काही औषधांना ती योग्यही आहे. ऑक्सॅलिप्लॅटिनला मात्र बर्फ लावायचा नसतो. तसेच फ्लुरोयुरॅसिल शिरेतून झटक्यात देताना तोंडात बर्फाचे खडे धरले की तोंड कमी येते, ही चांगली आणि स्वस्त युक्ती आहे. पण त्याच दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनही दिले असेल तर तीच युक्ती अंगलट येते. दोन औषधे एकाच खाटेवर, एकाच सकाळी दिली जातात आणि त्यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत, हे भिंतीवर लिहून लावण्याइतके महत्त्वाचे आहे.

आता ‘सलाईन’. आपल्या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, टांगलेल्या प्रत्येक बाटलीला सलाईन म्हणतात. आतले पाणी मिठाचे असो, साखरेचे असो वा आणखी कशाचे असो, रुग्ण म्हणतो दोन सलाईनी लावल्या, वॉर्डबॉय मामा म्हणतो सलाईन संपली आणि सिस्टरही घाईत म्हणते, जरा सलाईन काढ गं. एरवी या बोलण्याने काही बिघडत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या बाबतीत बिघडते, कारण हे औषध मिठाच्या पाण्यात, म्हणजे सोडियम क्लोराइडमध्ये, कधीही मिसळायचे नसते. क्लोराइड त्याच्या रेणूतला ऑक्सॅलेटचा भाग हुसकावून स्वतः तिथे बसते आणि जे रुग्णाच्या शिरेत जाते ते लिहून दिलेले औषध राहत नाही. ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यातच, २५० ते ५०० मिलिलिटरमध्ये, मिसळावे लागते. त्याच्या आधी आणि नंतर नळीसुद्धा डेक्स्ट्रोजनेच धुवावी लागते. मिसळताना ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई चालत नाही. फ्लुरोयुरॅसिलचे द्रावण अल्कधर्मी असल्याने ते त्याच नळीतून एकाच वेळी जाता कामा नये. आधी ऑक्सॅलिप्लॅटिन, मग नळी धुणे, मग फ्लुरोयुरॅसिल, हा क्रम मोडायचा नसतो.

ही चूक आपल्या भागात विशेष सहज का होऊ शकते, याचा मी बराच विचार केला. तंबाखू आणि मावा यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आहे आणि त्या रुग्णांना रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिन दिले जाते. सिसप्लॅटिन हे ऑक्सॅलिप्लॅटिनचेच भावंड, दोघेही प्लॅटिनमच्या घराण्यातले. पण सिसप्लॅटिनला मिठाचे पाणीच लागते, क्लोराइड नसले तर ते टिकत नाही. म्हणजे आमच्या सिस्टरांचा हात ज्या औषधावर बसलेला आहे त्याचा नियम या औषधाच्या अगदी उलट आहे, नावांचा शेवट सारखा आहे, आणि दोन्ही बाटल्यांना बोलण्यात शब्द एकच आहे. अण्णांच्या चौथ्या डोसाला एक नवी सिस्टर ऑक्सॅलिप्लॅटिनची कुपी आणि नॉर्मल सलाईनची बाटली घेऊन टेबलापाशी उभी असलेली मी पाहिली. मी काही बोलण्याआधीच ज्येष्ठ सिस्टरांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “बाळ, याला साखरेची.” तीन शब्दांत काम झाले. परंतु त्या बाई त्या दिवशी रजेवर असत्या तर?

म्हणून माझी मागणी साधी आहे. केमोथेरपीच्या खोलीत ‘सलाईन’ हा शब्द एकट्याने वापरू नये. मिठाची किंवा साखरेची असे म्हणावे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनाही तसेच बोलायला सांगावे. ऑक्सॅलिप्लॅटिनचा साठा सिसप्लॅटिन व कार्बोप्लॅटिनपासून वेगळ्या कप्प्यात असावा आणि त्या कप्प्यावर ‘फक्त डेक्स्ट्रोज’ असे ठळक मराठीत लिहिलेले असावे. औषध मिसळण्याचे काम वॉर्डातल्या उघड्या टेबलावर न होता सुरक्षा कॅबिनेटमध्ये आणि प्रशिक्षित व्यक्तीकडून व्हावे, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

फ्लुरोयुरॅसिलचा मोठा भाग रुग्णालयात दिला जात नाही, तो रुग्णाबरोबर घरी येतो. छातीवर बसवलेल्या पोर्टला, म्हणजे शिरेत औषध सोडण्याच्या कायमच्या जोडाला, लावलेला, फुग्यासारख्या पिशवीचा छोटा पंप सुमारे ४६ तास थेंबथेंब औषध देत राहतो. अण्णा तो पंप गळ्यात अडकवून एसटीने गावी येत. या औषधात मात्रेइतकाच वेगही महत्त्वाचा असतो. जेवढे दोन दिवसांत मुरायला हवे तेवढेच दोन तासांत गेले तर ते विष ठरते. कॅनडातल्या एडमंटन शहरात २००६ साली एका महिलेला चार दिवसांत द्यायचे फ्लुरोयुरॅसिल चार तासांत गेले आणि काही आठवड्यांत तिचा मृत्यू झाला. तिला आतड्याचा कर्करोग नव्हता, पण औषध हेच होते. चौकशीत निघाले ते असे : पिशवीच्या लेबलावर ताशी १.२ मिलिलिटर आणि चोवीस तासांना २८.८ मिलिलिटर असे दोन्ही आकडे छापलेले होते, पंपात २८.८ हा आकडा ताशी वेग म्हणून भरला गेला, आणि हिशेब दोन परिचारिकांनी तपासूनही चोविसाने भागायचे राहून गेले. त्या दोघी निष्काळजी नव्हत्या. एका लेबलावर दोन आकडे ठेवणारी पद्धत निष्काळजी होती. आपल्या लेबलांवर वेगाचा एकच आकडा, आणि तो तासाचाच, असावा. ‘रोज’ किंवा ‘दिवसाला’ हा शब्द तिथे येऊच नये.

फुग्याच्या पंपात आकडा भरावा लागत नाही, म्हणून तो अधिक निर्धास्त वाटतो. त्यालाही एक खोड आहे. त्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो आणि दर अंश सेल्सिअसमागे साधारण दोन टक्क्यांनी बदलतो. वेग ठरवणारा नळीतला बारीक भाग अंगाला चिकटून राहील हे गृहीत धरूनच पंपाचे मोजमाप केलेले असते. एप्रिलच्या उन्हात एसटीच्या खिडकीशी, पत्र्याच्या खोलीत किंवा चुलीपुढे बसलेल्या माणसाचा पंप ठरल्यापेक्षा लवकर संपू शकतो, आणि तो बाहेर काढून पंख्यासमोर ठेवला तर रेंगाळतो. पंप सदऱ्याच्या आत, अंगालगत, उन्हापासून दूर ठेवा, आणि तो ठरल्या वेळेच्या बराच आधी रिकामा झाला तर त्याच घटकेला फोन करा, ही दोन वाक्ये अण्णांना कुणीच सांगितली नव्हती. उलट संपला की बरेच, सुटका झाली, अशीच त्यांची समजूत होती. आणि ४६ तासांनी तो काढणार कोण? जत किंवा आटपाडीच्या रुग्णाने एका सुईसाठी पुन्हा मिरज गाठायची, काढायची वेळ रात्रीची आली तर मुक्काम करायचा, असा आजचा रिवाज आहे. काही जण जवळच्या ओळखीच्या कंपाउंडरकडून पंप काढून घेतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील दोन सिस्टरांना पोर्टवरून पंप काढण्याचे व सांडलेले औषध आवरण्याचे प्रशिक्षण दिले तर हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचे रस्ते बंद झाले होते. तशा दिवसांत पंप अंगावर असलेल्या माणसाने कुठे जायचे, याचेही उत्तर पावसाळ्याआधी लिहून ठेवावे लागेल.

तिसरा शब्द ‘कणकण’. तापाविषयीची सूचना अण्णांना स्पष्ट दिलेली होती : ताप आला तर लगेच या. सहाव्या डोसानंतर दहाव्या दिवशी त्यांच्या अंगात कणकण होती. कणकण म्हणजे ताप नव्हे, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. बागेतून दमून आलेल्या माणसाला ती असतेच. त्यांनी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, घाम येऊन बरे वाटले, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच झाले. तिसऱ्या दिवशी त्यांना धड उभे राहवेना तेव्हा आम्ही गाडी काढली. रक्तातल्या संसर्गाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, पाचशेच्याही खाली गेल्या होत्या. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून ते परत आले, हे आमचे नशीब.

डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत या पेशी सर्वांत कमी असतात, आणि त्या काळात आलेला ताप ही तासांची नव्हे, मिनिटांची बाब असते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. पॅरासिटामॉल ताप उतरवते, संसर्ग नाही, आणि त्यामुळे ते इथे धोक्याची घंटाच बांधून ठेवते. तेव्हा सूचना अशी हवी की, कणकण वाटली, हुडहुडी भरली किंवा नुसते मलूल वाटले तरी गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, आणि पारा १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर रात्र असली तरी निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. पहिल्या डोसाबरोबर प्रत्येक रुग्णाला एक थर्मामीटर द्यावा, अशी माझी विनंती आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणाऱ्या कुटुंबांकडे तो असेलच असे नाही, आणि एका डोसाच्या खर्चापुढे त्याची किंमत नगण्य आहे. गावच्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्णाची केमो कोणत्या तारखेला झाली एवढे जरी कळले तरी अशा तापाकडे हंगामी ताप म्हणून पाहिले जाणार नाही.

जुलाब आणि तोंड येणे यांबद्दल थोडक्यात लिहितो. पहिल्याच डोसानंतर आठवड्याच्या आत दोन्ही फार जोराचे झाले तर ती नेहमीची गोष्ट समजून सोडून देऊ नये. काही माणसांच्या शरीरात फ्लुरोयुरॅसिल मोडून काढणारे विकर, ज्याला डीपीडी म्हणतात, जन्मतःच कमी असते, आणि त्यांना नेहमीची मात्राही झेपत नाही. युरोपच्या औषध संस्थेने २०२० साली हे औषध सुरू करण्याआधी त्याची तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडे ती प्रत्येकाला परवडेल असे मी म्हणत नाही. पण ती असते हे रुग्णाला सांगितले जावे आणि निदान पहिल्या डोसानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी केंद्रातून एक फोन जावा. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन किंवा फिट्सवरचे फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत फ्लुरोयुरॅसिलमुळे त्या औषधांचा परिणाम वाढू शकतो, म्हणून चालू गोळ्यांची पिशवी दर वेळी उघडून पाहावी.

मुंग्यांविषयी मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे आमचे कायमचे नुकसान झाले. गारव्याने येणाऱ्या मुंग्या काही दिवसांत जातात. पण औषध अंगात साठत जाते तशी दुसऱ्या प्रकारची इजा नसांना होते. ती पुढच्या डोसापर्यंत जात नाही आणि औषध बंद झाल्यावरही काही महिने वाढत राहू शकते. दर डोसाला शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ८५ मिलिग्रॅम, या हिशेबाने दहा डोसांत ८५० आणि बारा डोसांत १०२० मिलिग्रॅम होतात. औषधाच्या माहितीपत्रकाप्रमाणे हातापायांच्या कामात अडथळा येण्याचे प्रमाण ८५० ला सुमारे दहा टक्के आणि १०२० ला सुमारे वीस टक्के आहे. म्हणजे शेवटचे दोन डोस धोका दुप्पट करतात. नवव्या डोसाआधी अण्णांना विचारण्यात आले, मुंग्या येतात का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, आता नाही येत. त्यांच्या बोटांना तोवर काहीच लागेनासे झाले होते. मुंग्या गेल्या होत्या, कारण बधिरपणा आला होता, आणि त्या प्रश्नात बधिरपणासाठी जागा नव्हती.

सदऱ्याची गुंडी लावता येते का, पायातली चप्पल निसटली तर कळते का, खिशातले नाणे न पाहता ओळखता येते का, आणि आमच्या तासगावच्या माणसाला विचारायचे तर विरळणीची कात्री घडात धरता येते का, असे प्रश्न विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते आणि डॉक्टरांनी मात्रा कमी केली असती किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून फ्लुरोयुरॅसिल चालू ठेवले असते. ही सवलत शास्त्रात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा चाचण्यांतील बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात असे दिसले की, तिसऱ्या टप्प्यातल्या (रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या) कमी जोखमीच्या रुग्णांना, विशेषतः फ्लुरोयुरॅसिलऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या असता, सहाऐवजी तीन महिन्यांचा उपचार जवळजवळ तितकाच पुरतो आणि नसांची इजा निम्म्याहूनही कमी होते. कुणाला किती महिने द्यायचे हा निर्णय तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांचाच राहावा. तो निर्णय घेताना समोरचा माणूस बोटांवर जगणारा शेतकरी आहे, ही माहिती मात्र त्यांच्यापुढे असायला हवी.

इथे मला राहवत नाही म्हणून एक गोष्ट सांगतो. अण्णांची द्राक्षे परदेशी जातात. त्यासाठी त्यांच्याकडे फवारणीची वही आहे : कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती पाण्यात, काढणीला किती दिवस उरले असताना. द्राक्षमणी फुगवणाऱ्या जीए या संजीवकाचे प्रमाण ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असे, मोजतात आणि मास्क व हातमोजे घातल्याशिवाय पंपाला हात लावू देत नाहीत. त्याच घरात त्यांच्या स्वतःच्या अंगात गेलेल्या औषधाची एकही नोंद नव्हती. आम्ही फवारणीच्या वहीचे मागचे पान उलटून तिथे डोसाची तारीख, वजन, एकूण मिलिग्रॅम, रक्तातल्या पेशी आणि त्रास असे रकाने आखले, आणि नवव्या डोसानंतर डॉक्टरांनी ती वही आनंदाने पाहिली. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नोंद ठेवायला शिकवावे लागत नाही, फक्त कसली ठेवायची ते सांगावे लागते.

फवारणीची तीच शिस्त मल-मूत्राबाबतही कळते. डोसानंतर किमान ४८ तास रुग्णाच्या लघवीतून आणि उलटीतून औषधाचा अंश बाहेर पडतो. त्या काळात हातमोजे घालून साफसफाई करणे, शौचालयात दोनदा पाणी टाकणे, कपडे वेगळे धुणे आणि गरोदर सुनेला त्यापासून दूर ठेवणे हे घरातल्या बायकांना सांगितले पाहिजे, कारण हे काम त्याच करतात आणि सूचना मात्र पुरुषांना दिल्या जातात. रुग्णालयातील कचऱ्याबाबत २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत केमोच्या औषधांचा कचरा पिवळ्या पिशवीत, सायटोटॉक्सिक (पेशींना मारक) अशी खूण करून, १२०० अंशांपेक्षा अधिक तापमानाला जाळावयाचा आहे. रिकाम्या कुप्या कुणाच्या हाती लागणार नाहीत याचीही नोंद हवी. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्यांत भलतेच भरून विकणारी टोळी पकडली होती. कुपीची बॅच रुग्णाच्या कागदावर लिहिणे ही त्यावरची सर्वांत साधी सोय आहे.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याचे जाहीर केले आहे. ती केंद्रे येणे हे चांगलेच आहे. मिरजेची वैद्यकीय परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी असली तरी जतच्या शेवटच्या गावातून मिरज लांबच आहे. पण खाटा आणि पंप यांच्याबरोबर कागदही आला पाहिजे. प्रत्येक रुग्णाला घरी जाताना एकाच पानाची, मोठ्या अक्षरांतली मराठी सूचना द्यावी. जतच्या पूर्व भागातल्या आणि सीमेपलीकडून मिरजेला येणाऱ्या रुग्णांसाठी ती कन्नडमध्येही असावी. तिच्यावर रात्रीही उचलला जाणारा एकच दूरध्वनी क्रमांक असावा. ती देताना सिस्टरांनी वाचून दाखवावी आणि मग घरच्या बाईला विचारावे, काय समजले ते तुम्ही मला सांगा; मान डोलावण्यावर विश्वास ठेवू नये. आणि काही बिघडलेच तर ते दडवण्याऐवजी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर, कळवावे. हा क्रमांक रुग्णांसाठीही खुला आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

अण्णांचे दहा डोस झाले, अकरावा आणि बारावा ऑक्सॅलिप्लॅटिन वगळून दिले गेले. त्यांच्या बोटांत अजून जोर नाही. यंदा विरळणीला त्यांनी मजूर लावले आणि स्वतः बांधावर बसून वही लिहिली.

या पत्रासोबत मी एका पानाच्या सूचनापत्रकाचा मसुदा जोडत आहे. तो वहिनींकडून, आमच्या आशाताईंकडून आणि त्या ज्येष्ठ सिस्टरांकडून वाचून घेतला आहे व त्यांच्या सांगण्यावरून चार ठिकाणी बदलला आहे. वैद्यकीय मजकुरात आपल्या तज्ज्ञांनी आवश्यक ते फेरफार अवश्य करावेत. मात्र ‘गार’च्या जागी ‘शीत’ आणि ‘कणकण’च्या जागी ‘ज्वर’ घालू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट,
तासगाव तालुका, जिल्हा सांगली